वाचकांचे प्रश्न : किलो-पाउंडाचा हिशेब

प्रश्न : आमची द्राक्षं परदेशी जातात. साडेचार किलोची पेटी म्हणजे १० पाउंड धरून १,००० पेट्यांचं वजन कागदावर लिहिलं. तिकडच्या खरेदीदाराने आकडा जुळत नाही असं कळवलं. चुकलं कुठे? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : पहिल्या पेटीपाशीच. १ किलो म्हणजे २.२०४६२ पाउंड, म्हणजे ४.५ किलोचे ९.९२ पाउंड होतात. १० धरल्याने पेटीमागे ३६ ग्रॅम वाढले, म्हणजे जेमतेम पाच-सात मणी. पण १,००० पेट्यांवर हेच ७९ पाउंड, सुमारे ३६ किलो होतात. आठ पेट्यांचा माल नुसता कागदावर वाढला! आणि १० च्या जागी ९.९ धरले तरी हिशेब बसत नाही : ९,९०० येतात, खरे ९,९२०.८. इथे जवळपास २१ पाउंड कमी पडतात.

म्हणून पेटीचे पाउंड काढून त्यांना पेट्यांच्या संख्येने गुणू नका. आधी सगळा माल किलोत मोजा (४,५००), मग एकदाच २.२०४६२ ने गुणा आणि दशांश अगदी शेवटी सोडा. उलट करायचं असेल, तर पाउंडांना ०.४५३५९२३७ ने गुणा. हा आकडा अंदाजाचा नाही. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी पाउंडाची व्याख्याच तशी ठरवली.

दोन गोष्टी आवर्जून सांभाळा. एकदा पाउंडात लिहिलेला, गोळाबेरीज केलेला आकडा परत किलोत फिरवू नका. दर वेळी काट्यावरच्या मूळ किलोपासूनच सुरुवात करा. आणि निव्वळ वजन व पेटीसकट वजन एकाच रकान्यात मिसळू नका. वाटेत घट येते म्हणून जो थोडा जादा माल भरता, तोही कागदावरच्या निव्वळ वजनात धरू नका. खरेदीदाराने टनात विचारलं, तर कोणता टन ते आधी विचारा : अमेरिकेतला टन २,००० पाउंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा, आपला १,००० किलोचा.

प्रश्न : अमेरिकेत नातू झाला. वजन ७ पाउंड ८ औंस कळवलं. ७.८ ला ०.४५३६ ने गुणून ३.५४ किलो आलं, पण मुलगा ३.४० म्हणतो. (नाशिकरोड)

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. पाउंडाचे औंस १६ असतात, १० नव्हे. ८ औंस म्हणजे अर्धा पाउंड, म्हणून वजन ७.५ पाउंड. ७.५ × ०.४५३६ = ३.४० किलो. औंस दिले असतील तर आधी १६ ने भागून घ्या, मगच पाउंडात मिळवा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत १३६ ग्रॅमचा फरक थोडा नसतो. अभिनंदन!

प्रश्न : विमानाची बॅग ५० पाउंडांपर्यंत चालते. घरचा काटा किलोचा आहे. तोंडी हिशेब कसा करावा? (इंदिरानगर)

उत्तर : किलोची दुप्पट करा आणि त्या दुपटीचा दहावा भाग त्यात मिळवा. २२ चे ४४, अधिक ४.४, म्हणजे ४८.४ पाउंड. खरा आकडा ४८.५, फरक नगण्य. उलट्या बाजूने, पाउंडांचे निम्मे करून त्यातून दहावा भाग वजा करा : ५० चे २५, वजा २.५, म्हणजे २२.५ किलो. खरे २२.६८ आहेत, म्हणजे ही रीत आकडा थोडा कमी दाखवते. बॅगेसाठी ते सोयीचंच आहे. २३ किलो मात्र ५०.७ पाउंड होतात. तिकिटावर ५० पाउंडच छापले असतील तर २२.५ वर थांबा, कारण हाताने धरायचा लटकता काटा शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवू शकतो.

प्रश्न : बेकरीत एक पाउंडाचा केक म्हणजे अर्धा किलोच ना? (सिडको)

उत्तर : नाही, ४५४ ग्रॅम. अर्धा किलो त्याहून ४६ ग्रॅम जास्त. भाव विचारताना वजन ग्रॅममध्येच विचारा आणि डबा वगळून काट्यावर ठेवायला सांगा.