पहिला कॅमेरा घेताना
घरच्या फोटोंसाठी कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. ४ बाय ६ इंचांच्या छपाईला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात. माझ्या मते खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकाराने पडतो. आपल्याकडचे बरेचसे प्रसंग, बारसे असो वा देवघरातली आरती, मंद उजेडातच होतात, आणि तिथे ‘१ इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर, छोट्या कॅमेऱ्यांतल्या नेहमीच्या सेन्सरच्या सुमारे चौपट क्षेत्रफळामुळे, निरांजनाच्या प्रकाशातला आजीचा चेहरा फ्लॅशशिवायही बराच स्वच्छ टिपतो. झूम ऑप्टिकलच, म्हणजे भिंगांनी दृश्य जवळ आणणारा, पाहावा, कारण डिजिटल झूम म्हणजे कातरून मोठे केलेले चित्र. दुकानातच बटण अर्धे दाबून फोकस किती चटकन बसतो ते तपासा. रांगते मूल आपल्यासाठी थांबत नाही. जादा बॅटरी त्याच दिवशी घ्या.