दारूची 'प्रत' की दारूचा दाणा?

कोल्हापूरचे एक वाचक ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, जुन्या बंदुकांविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताहेत. काळ्या दारूच्या डब्यावर 'एफएफजी', 'एफएफएफजी' असं छापलेलं असतं. त्याला अनुक्रमे 'मध्यम प्रतीची' आणि 'उच्च प्रतीची दारू' म्हणावं का, असा त्यांचा प्रश्न.

अजिबात म्हणू नये. 'प्रत' आली की माल चांगला की हलका हा हिशेब आला. इथं माल तोच: सोरा, कोळसा, गंधक, साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. फरक दाण्याचा. जितके 'एफ' जास्त, तितका दाणा बारीक. दोन एफची दारू इंचाला १६ घरं असलेल्या चाळणीतून खाली पडते आणि ३० घरांच्या चाळणीवर अडते. किराणा दुकानात बारीक रव्याला कुणी उच्च प्रतीचा रवा म्हणतं का?

शिवाय ही चूक नुसती भाषेची राहत नाही. दाणा बाहेरून आत जळत जातो. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून ते झटकन जळतात आणि नळीतला दाबही झटकन चढतो. म्हणून पिस्तुलाला आणि लहान तोंडाच्या नळीला तीन एफ, मोठ्या तोंडाच्या बंदुकीला दोन किंवा एक, तोफेला त्याहून जाड. 'उच्च प्रतीची' वाचून कुणी बारीक दारू तोफेत ठासली तर नळीच फुटायची.

चार एफसाठी मात्र मराठीत आयता शब्द आहे: रंजक. चकमकीच्या बंदुकीत नळीतली दारू वेगळी आणि नळीच्या 'काना'जवळच्या प्याल्यातली चिमूटभर बारीक दारू वेगळी. ठिणगी पडते ती या रंजकेवर, आणि जाळ कानातून आत जातो. हा 'कान' म्हणजे बत्तीचं भोक. शत्रूची तोफ ओढून नेता आली नाही तर त्यातच खिळा ठोकायचे. आजचा वाचक 'रंजक'वर अडखळेल, तेव्हा पहिल्यांदा 'रंजकेची दारू' लिहावं.

'दारू' बदलून 'बारूद' करायचीही गरज नाही. घटस्थापनेला अंबाबाईच्या देवळात तोफेची सलामी होते, तेव्हा दारू म्हटल्यावर कुणाला गुत्ता आठवत नाही.

तर 'जाड दाण्याची', 'मध्यम दाण्याची', 'बारीक दाण्याची' आणि 'रंजकेची' असं लिहा, आणि पुढं कंसात एफ किती ते द्या.