बेअर्डेड ड्रॅगनच्या टाकीसाठी थर्मोकोल आणि ग्राउटचा खडक घरी करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे, मुलीने परवाना काढून बेअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातला एक सरडा) पाळलाय, दुकानातली तयार खडकाची भिंत महाग पडते. मग थर्मोकोल आणि टाइलचं ग्राउट (फरश्यांच्या सांध्यांत भरतात ते) वापरून घरीच केली तर चालेल का, आणि त्याला त्यातून काही अपाय तर होणार नाही ना?

चालेल, आणि मी तर घरीच करा असं म्हणेन. तयार भिंत टाकीच्या मापाने बनवलेली असते. घरी करताना तुम्हाला तुमच्या सरड्याचं माप घेता येतं: त्याचं पोट किती रुंद, शेपटी कुठे टेकणार, दिव्याखाली तो किती उंचीवर बसणार. फक्त रंगाचा ब्रश हातात घ्यायच्या आधी हा विचार पूर्ण झालेला हवा. भिंत कितीही खरी दिसली आणि तो तिच्यावर चढून बसला नाही, तर एवढ्या खटाटोपातून त्याला काही मिळालं नाही.

मी अ‍ॅडलेडला राहतो. इथून उत्तरेला गाडीने पाचेक तासांवर फ्लिंडर्स रेंजेस आहेत आणि तुमच्या मुलीकडे आहे त्याच जातीचे ड्रॅगन तिथे रानात दिसतात. सकाळी ते कुंपणाच्या खांबावर नाहीतर दगडाच्या टोकावर अंग पसरून बसतात. अंग गार असतं तेव्हा पाठ गडद असते, तापत गेलं की रंग फिका होतो आणि फारच तापलं की तोंड उघडं टाकून बसतात. मग उतरून सावलीच्या फटीत शिरतात. उंचावरची तापलेली जागा आणि खालची थंड, काळोखी फट या दोन गोष्टी भिंतीत असल्या की अर्धं काम झालं. हिवाळ्यात कित्येक मोठे ड्रॅगन आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतात. तेव्हा दिव्यापासूनच्या लांबच्या टोकाला एक काळोखी कपार हवीच.

आता कठड्याबद्दल, म्हणजे सरड्याला दिव्याखाली बसायला भिंतीतून पुढे काढलेल्या जागेबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बसायच्या जागेचा पृष्ठभाग साधारण 38 ते 42 अंश सेल्सियस हवा आणि टाकीचं थंड टोक 24 ते 27 च्या आसपास. तुम्ही भिंतीतून कठडा बाहेर काढलात की सरडा तेवढा वर जातो आणि दिव्याच्या जवळ येतो. म्हणजे आज जमिनीवर बरोबर असलेलं तापमान उद्या कठड्यावर भाजणारं ठरू शकतं. यूव्हीबी नळीचंही (अतिनील किरण देणाऱ्या दिव्याचंही) तेच. नळीच्या खोक्यावर दिलेलं अंतर दगडापासून मोजू नका, सरड्याच्या पाठीपासून मोजा. तो बसल्यावर त्याची पाठ दगडाच्या बरीच वर असते. म्हणून आधी पुठ्ठ्याची खोकी रचून नुसता आराखडा करा, दिवे लावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने वाचन घ्या. उंची पक्की झाल्यावरच फोम कापा.

दुसरं असं की थर्मोकोल उष्णता धरून ठेवत नाही. त्यावर ग्राउटचे चार थर दिले तरी आतून तो हलकाच. खऱ्या दगडावर सरड्याला पोटाखालून ऊब मिळते, ती इथे मिळत नाही. म्हणून दिव्याच्या बरोबर खाली, कठड्याच्या माथ्यावर, मी खऱ्या स्लेटची जाड फरशी बसवतो आणि तिच्या कडा ग्राउटमध्ये बुजवून टाकतो. बघणाऱ्याला जोड कळत नाही आणि सरडा फरशी सोडत नाही. यात सुरक्षेचाही भाग आहे: थर्मोकोल 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, त्यामुळे दिव्याच्या जवळ उघडा किंवा पातळ झाकलेला फोम नकोच. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) असेल तर ती फोमच्या मागे कधीही लावू नका. उष्णता कोंडते आणि मॅट जळू शकते.

जाडीचा मोह आवरा. मोठा ड्रॅगन शेपटीसकट 45 ते 60 सेंटिमीटर होतो. चार फुटी टाकीची पुढून मागेपर्यंतची खोली 60 सेंटिमीटर असेल तर भिंत बहुतेक ठिकाणी पाच-सात सेंटिमीटरच ठेवा आणि फक्त कठड्याच्या जागी पुढे काढा. टाकी 45 सेंटिमीटरच खोल असेल तर पूर्ण भिंत करू नका, एका कोपऱ्यात खडकाचा उभा सुळका करा. त्याला फिरायला जागा लागते, आणि ती खडकाने खाल्लेली मला बघवत नाही.

साहित्य सोपं आहे. भाजीवाल्याकडे ब्रोकोली येते ती थर्मोकोलची खोकी मागितली तर मिळतात, पण त्यांच्या बाजू पातळ असतात. मोठ्या भागासाठी हार्डवेअरच्या दुकानात इन्सुलेशनचा रंगीत, घट्ट फोम मिळतो. तो कापताना मण्यांसारखा भुगा उडत नाही. चिकटवायला अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन वापरा, बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं नको. ज्यांनी गणपतीचं मखर केलंय त्यांना हे ठाऊक असेल की काही गोंद थर्मोकोल खाऊन टाकतात. स्प्रे पेंटही तेच करतो. पोकळ्या भरायला फसफसून फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम चालतो, पण हातमोजे घाला. तो कातडीवर लागला तर दिवसेंदिवस निघत नाही.

आकार देताना बहुतेक जण सुरीने गोलगोल खळगे पाडतात आणि सगळं बटाट्यांच्या ढिगासारखं दिसायला लागतं. खरा खडक असा नसतो. फ्लिंडर्समधला क्वार्टझाइट थराथरांचा आहे, ते थर कललेले आहेत आणि त्यांना आडव्या-उभ्या भेगा गेल्या आहेत. तेव्हा फोमवर आधी मार्करने समांतर रेघा मारा, सगळ्या एकाच बाजूला थोड्या कललेल्या, टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग त्यांना छेदणाऱ्या काही उभ्या भेगा. काही थर पुढे येऊ द्या, काही मागे. कडा शक्यतो कापू नका, हाताने मोडा. मोडलेल्या फोमचा चेहरा दगडासारखाच खडबडीत असतो. कल सगळीकडे सारखा ठेवलात तर रंग साधा असला तरी डोळ्याला तो एकच खडक वाटतो. संदर्भाला खऱ्या कड्याचा फोटो समोर ठेवा. दगड मात्र उचलून आणू नका, राष्ट्रीय उद्यानात त्याला बंदी आहे.

हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) पृष्ठभाग वितळवला की छान खड्डे पडतात, पण त्याचा धूर विषारी असतो. ते काम अंगणात, मास्क लावून, आणि ड्रॅगन व मुलगी दोघंही लांब असतानाच करा.

ग्राउट घ्यायचं ते सिमेंटचं, वाळू असलेलं. इपॉक्सी नको, बुरशीरोधक रसायन असलेलंही नको. पहिला थर ताकाइतका पातळ ठेवा, म्हणजे तो भेगांच्या तळापर्यंत जातो. पुढचे दोन-तीन थर हळूहळू दाट. दर थराला एक दिवस द्या आणि मधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारत राहा. गच्चीच्या स्लॅबवर पाणी मारतात त्याचं कारण इथेही तेच: सिमेंट घाईने सुकलं की तडकतं. तुमच्याकडे चाळीस अंशांचा दिवस असेल तर ते काम उन्हात करूच नका. कठड्यावर आणि कपारीच्या तोंडाशी एक थर जास्त द्या, कारण नखं तिथेच घासतात. पावडर मिसळताना मास्क आणि हातमोजे हवेत, ओलं सिमेंट कातडी भाजतं.

रंगासाठी ग्राउटमध्येच लाल आणि पिवळा सिमेंट ऑक्साइड घाला. तिकडच्या मातीचा आणि दगडाचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच आहे, त्यामुळे छटा आपोआप जुळते, आणि नखाने ओरखडा गेला तरी खाली पांढरं दिसत नाही. मग पाण्यात मिसळलेला गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक भेगांत सोडा, वरचा ओल्या फडक्याने पुसा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट पिवळा फिरवा. एवढं पुरतं.

शेवटी पाण्यावर आधारित मॅट वार्निशचे दोन-तीन हात. मॅटच घ्या. चकचकीत खडक खोटा दिसतो आणि त्यावर पाय घसरतो. शेवटचा हात ओला असताना बारीक, धुतलेली वाळू भुरभुरली की पकड चांगली येते. या वार्निशचा उपयोग दिसण्यापेक्षा साफसफाईला आहे. ड्रॅगनची विष्ठा भरपूर आणि ओली असते, आणि न सील केलेलं ग्राउट ती शोषून घेतं. हाताला कोरडं लागलं म्हणजे वार्निश तयार झालं असं समजू नका. पूर्ण मुरायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ड्रॅगनला जुन्याच व्यवस्थेत राहू द्या. मुलगी घाई करेल, पण इथे तिचं ऐकू नका.

अपायाचं विचारलंत, तर मला खरी काळजी दोन गोष्टींची वाटते. एक, उघडा राहिलेला फोम. त्याला खायला सोडलेले नाकतोडे, क्रिकेट (रातकिडे) तो कुरतडतात, ड्रॅगनही तुकडा गिळू शकतो आणि तो आतड्यात अडकू शकतो. म्हणून मागची बाजू, तळ, कडा, सगळीकडे ग्राउट लावा. दोन, फटी. भिंत आणि काच यांच्यामधली फट सिलिकॉनने पूर्ण बंद करा, नाहीतर क्रिकेट तिथे जाऊन राहतात आणि रात्री झोपलेल्या ड्रॅगनला चावतात. कपार एवढी रुंद हवी की त्याला आत वळता यावं आणि तुमचा हात शेवटपर्यंत पोचावा. आजारी सरडा जिथून काढता येत नाही अशी गुहा बांधू नका.

भिंत दोन-तीन भागांत करा, म्हणजे टाकीच्या दारातून आत जाईल. सरकत्या काचा आणि दिव्याची वायर मोकळी राहते ना, हे फोम कोरा असतानाच बघा. भिंत टाकीच्या तळावर टेकवा, वाळूवर नको, कारण ड्रॅगन वाळू खणतो. कठड्यावर हाताने चांगला जोर देऊन बघा, अर्धा किलोचा प्राणी त्यावर उडी मारून बसणार आहे.

सगळं बसल्यावर रिकाम्या टाकीत रोजच्या वेळेप्रमाणे काही दिवस दिवे चालवा. तापलेल्या टाकीत नाक घालून वास घ्या. रंगाचा किंवा वार्निशचा जरासाही वास आला तर आणखी थांबा. थर्मोस्टॅटचा (तापमान आवरणाऱ्या उपकरणाचा) सेन्सर जुन्याच जागी राहिला असेल तर तो नव्या कठड्याशी हलवा.

टाकीची आतली उंची, खोली आणि दिवा किती वॅटचा आहे ते इथे लिहिलंत तर कठडा कोणत्या उंचीपासून मोजून बघायला सुरुवात करावी ते सांगतो.