आरोग्य-शंका : फॉर्म म्हणतो, मी बरा आहे

प्रश्न : वय ४३, राहणार धायरी. सहा वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तेव्हा कळलं की माझ्या अंगात अँटिबॉडी पुरेशा तयार होत नाहीत (सीव्हीआयडी). दर चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं, सलाईन घेतो. मागच्या वेळी सलाईनला आठवडा झाल्यावर दाखवायला गेलो, तर जीवनमान मोजायचा ३६ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. गेल्या चार आठवड्यांबद्दलचे प्रश्न होते. लोकांत मिसळायला अडचण? मी लिहिलं, ‘अजिबात नाही’. विसर्जन मिरवणुकीला हल्ली जातच नाही, मग अडचण कसली! गुण बरे आले, डॉक्टर खूश. घरी बायको म्हणाली, “आणि सलाईनच्या आधी दळण आणायला मलाच पाठवलंस, ते?” मी खोटं लिहिलं का?

उत्तर : खोटं नाही. तुम्ही भरल्या पोटी भुकेबद्दल लिहिलंत, इतकंच.

सलाईनमधून मिळालेलं आयजीजी (अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात बऱ्याच जणांना थकवा येतो, अंग मोडून येतं. माझे एक पेशंट रिक्षा चालवतात, ते याला ‘रिझर्व्हला लागलो’ म्हणतात. फॉर्म चार आठवड्यांचं विचारतो खरा, पण आपण उत्तर देतो ते कालपरवाचं.

वर्णनावरून तुमचा फॉर्म ‘एसएफ-३६’ दिसतो. तो कुठल्याही आजाराला चालावा असा केलेला आहे. मूळ इंग्रजी फॉर्मात मध्यम मेहनतीच्या कामाचं एक उदाहरण म्हणून गोल्फ आहे. धायरीत त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा! त्यातलं एक वाक्य मला नेहमी गमतीचं वाटतं : ‘मी इतरांपेक्षा जरा लवकर आजारी पडतो’, खरं की खोटं? तुमच्या बाबतीत ही तक्रार नाही, हे तर निदानच झालं. आणि त्याचे गुण आठ कप्प्यांत पडतात, प्रत्येक ० ते १००. म्हणून ‘बरे आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. उत्साह-थकव्याच्या कप्प्यात किती पडले, ते विचारा.

खास सीव्हीआयडीच्या प्रौढ रुग्णांसाठी इटलीतल्या डॉक्टरांनी २०१६मध्ये ३२ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली मांडली. दुसऱ्याकडून संसर्ग होईल ही धास्ती मोजायला साध्या फॉर्मात जागा नव्हती, ती तिथे आहे. पण तीही मिरवणुकीची गोष्ट पुरती पकडेल असं मला वाटत नाही. माणूस जे सोडून देतो, त्याची अडचण वाटेनाशी होते. तुमचं ‘अजिबात नाही’ वाचून मी तरी खूश झाले नसते.

पुढच्या खेपेला तोच फॉर्म दोनदा भरा : सलाईननंतर पाचव्या दिवशी आणि पुढच्या सलाईनच्या आदल्या दिवशी. दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. शिवाय स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाचा हिशोब लिहितात त्याच चौकटीत, आज अंगात किती दम आहे त्याचा आकडा रोज लिहा, ० ते १०. ताप, अँटिबायोटिक, बुडालेला कामाचा दिवस, हेही तिथेच. तीन महिने पुरेत. शेवटचा आठवडा दर वेळी घसरत असेल, तर सलाईनच्या अगदी आधी रक्तातलं आयजीजी तपासून डॉक्टर डोस वाढवू शकतात किंवा अंतर तीन आठवड्यांवर आणू शकतात. त्वचेखाली दर आठवड्याला थोडं थोडं घ्यायचाही प्रकार आहे. त्यात पातळी फार वरखाली होत नाही. तो इथे मिळेल का, खर्च काय, हे त्यांनाच विचारा. ताप किंवा कफ वाढला, तर मात्र कुठल्याही चौकटीची वाट न पाहता लगेच दाखवा.

आकडा तुम्ही लिहा. दळणाची नोंद वहिनींना करू द्या, वेगळ्या शाईने.