सफायर विंडो बदलण्याआधी तिचा कट तपासा

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये 1064 नॅनोमीटरच्या लेसरसमोर 3 मिमी जाडीची सफायर विंडो (सफायर स्फटिकाची पारदर्शक चकती) बसवली, तेव्हापासून क्रॉस केलेल्या (पहिल्याला काटकोनात फिरवलेल्या) पोलरायझरमागे पूर्ण अंधार मिळत नाही. शिवाय जुलैत तिच्यावर पांढरट ठिपके आलेत. विंडो बदलायची का?

एवढ्यात नको. दमट हवेने सफायर बिघडत नाही. पहिला संशय कटवर, म्हणजे स्फटिक कुठल्या दिशेने कापलाय त्यावर घ्या. सफायर द्विअपवर्तनी आहे, म्हणजे प्रकाशाच्या दोन ध्रुवणांसाठी (कंपनाच्या दिशांसाठी) त्याचा अपवर्तनांक वेगळा असतो. दोन अपवर्तनांकांत साधारण 0.008 चा फरक असतो. किरण सी-अक्षाच्या (स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या) दिशेने गेला तर त्याचा त्रास नाही. अक्ष पृष्ठात आडवा असेल (ए-कट), तर 3 मिमी जाडीत दोन ध्रुवणांमध्ये 24 मायक्रोमीटरचा, म्हणजे बावीसहून जास्त तरंगलांब्यांचा फरक पडतो. घड्याळाच्या काचेसाठी कापलेल्या स्वस्त चकत्यांत अक्ष कुठेही असू शकतो. ऑर्डरमध्ये ‘सी-कट’ (अक्ष पृष्ठाला लंब) आणि अक्षाची किती चूक चालेल, दोन्ही लिहून द्या.

तपासणी लेसर बंद ठेवून करा. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, समोर पोलरायझर शीट धरून अंधार होईपर्यंत फिरवा. मधे विंडो माउंटसकट (ती धरून ठेवणाऱ्या चौकटीसकट) सरळ धरा आणि चाकासारखी हळू फिरवा. दर 90 अंशांनी काळोख आणि अधेमधे उजेड आला, तर कट चुकलाय. कशीही फिरवली तरी मधोमध काळोखच राहिला, तर कट ठीक. फक्त कडेला उजळ डाग असतील तर तो माउंटचा ताण. रिंग पाव फेरा सैल करा आणि पुन्हा बघा.

कट ठीक असूनही अंधार मिळत नसेल तर कल मोजा. परतणारा किरण चुकवायला विंडो सर्रास 5 अंश कलवतात. तेवढ्या कलाला सी-कटमध्येही तरंगलांबीच्या सुमारे अठराव्या भागाइतका फरक येतो, 1 अंशाला जेमतेम साडेचारशेव्या भागाइतका. कल ध्रुवणाच्या दिशेतच किंवा तिला काटकोनात दिलात, तर तोही आड येत नाही. 45 अंशांत कलवणं सगळ्यात वाईट.

आता ठिपके. हे बहुधा खाऱ्या वाऱ्याचं मीठ. ॲसिटोनमध्ये मीठ विरघळत नाही, त्यामुळे कितीही पुसलं तरी ते फक्त पसरतं. वर ॲसिटोन झपाट्याने उडतं, काच गार पडते आणि आपल्या हवेत तिच्यावर लगेच दव धरतं. ते सुकलं की नवे ठिपके. आधी ब्लोअर मारा, मग लेन्स टिश्यूवर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब घेऊन एकाच दिशेने एकदाच ओढा, टिश्यू टाकून द्या. शेवटचा हात शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. ही बाटली छोटीच घ्या, उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढते. घासू मात्र नका: मोह्‌स मापनावरचा 9 कठीणपणा सफायरचा आहे, वरच्या परावर्तनरोधक कोटिंगचा नाही. आणि कोटिंग गेलं तर दोन पृष्ठांवर मिळून सुमारे 14 टक्के प्रकाश परावर्तनातच जातो.

28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. लेसर गार ठेवणारा चिलर 20 अंशांवर ठेवून एसी रात्री बंद करत असाल, तर त्याने गार केलेल्या भागांवर दव धरतंय. एसी बंद करायचा तर चिलर आधी बंद करा.