प्रार्थनेतले तीन शब्द: नम्र, दीन आणि लीन

वेंगुर्ल्याकडच्या एका भगिनींचा प्रश्न असा आहे: ‘मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, म्हणायच्या लोकांच्या प्रार्थना मराठीत लिहून देण्याचे काम माझ्याकडे असते. “हे प्रभू, आम्ही नम्रपणे प्रार्थना करतो” असे मी लिहिते, तेव्हा कोणी तिथे “लीनपणे” घालायला सांगतात, कोणी “दीनपणे”. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? “लीन” हा भक्तिपंथातला शब्द असल्याने ख्रिस्ती प्रार्थनेत तो नको, असेही एकांचे म्हणणे आहे. शिवाय माझी आजी प्रार्थनेला “मागणा” म्हणते, कधी “गाऱ्हाणा” म्हणते. हे शब्द अशुद्ध समजावेत का?’

हे तीन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. ‘नम्र’ हा वागण्याचा शब्द आहे, ‘दीन’ हा स्थितीचा, आणि ‘लीन’ हा नात्याचा. देवाजवळ जाण्याविषयी बोलायचे असेल तर तिघांपैकी ‘लीन’ हाच शब्द मी निवडीन. आजींचे दोन्ही शब्द मात्र केवळ शुद्ध आहेत असे नव्हे, तर प्रार्थनेच्या अर्थाशी ते आपल्या पुष्कळ लिखित शब्दांपेक्षा अधिक प्रामाणिक आहेत. असे मला का वाटते ते आता सविस्तर लिहितो.

‘नम्र’ हा संस्कृतातल्या ‘नम्’ या धातूवरून आला आहे. नम् म्हणजे वाकणे. ‘नमन’, ‘नमस्कार’, ‘प्रणाम’ हे त्याच घरातले शब्द असून फारसीतून आलेला ‘नमाज’ही मुळात याच कुळातला आहे. वाकणे ही शरीराची क्रिया असल्यामुळे ‘नम्र’ शब्दात बाहेरून दिसणारे वागणे प्रथम येते, आणि म्हणूनच तो माणसामाणसांतल्या व्यवहारात सहज रुळला. अर्जाच्या शेवटी ‘आपला नम्र’ अशी सही होते, दवाखान्याच्या दारावर ‘नम्र विनंती, चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी असते, चौकातल्या फलकावर ‘विनम्र अभिवादन’ असते. यात वाईट काही नाही, पण इतक्या हातांतून गेलेल्या नाण्यावरचा छाप पुसट होतो, तसे या शब्दाचे झाले आहे. ‘आपला लीन’ अशी सही मात्र कोणी केलेली मी आजवर पाहिलेली नाही. तो शब्द कचेरीत गेला नाही, देवापुढेच राहिला.

याच धातूच्या प्रयोजक रूपाकडेही पाहावे. ‘नमणे’ म्हणजे आपण वाकणे आणि ‘नमवणे’ म्हणजे दुसऱ्याला वाकवणे, अर्थात हरवणे. शत्रूला नमवले, प्रतिपक्षाला नमवले, असेच आपण बोलतो, आणि ‘नमते घेणे’ या वाक्प्रचारातही भांडणात माघार घेतल्याचा भाव आहे. लूकच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायाच्या १४व्या वचनात स्वतःला उंच करणारा नमवला जाईल आणि स्वतःला नमवणारा उंच केला जाईल, अशा अर्थाचे येशूचे शब्द आहेत. नमवायचे ते कोणाला, तर स्वतःला. ही मराठीच्या रोजच्या वापराला उलटी कलाटणी आहे, आणि वचन वाचताना ती जाणवली पाहिजे.

‘दीन’ शब्दाचे काम वेगळे आहे. जवळ काही नसणे, आधार नसणे, ही स्थिती त्याने दाखवली जाते. डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी, मत्तय ५:३ मध्ये, आत्म्याने ‘दीन’ असलेल्यांना धन्य म्हटले आहे, आणि तिथे हा शब्द अगदी नेमका बसतो, कारण मूळ ग्रीक शब्द ‘प्तोखोस’ हा हात पसरणाऱ्या भिकाऱ्यासाठीचा आहे. पण जी स्थिती आहे ती क्रियेची रीत होऊ शकत नाही. ‘दीनपणे प्रार्थना करतो’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात ‘दीनवाणे’ हा शब्द येतो, आणि मग केविलवाणा चेहरा करून, आवाज ओढून केलेली प्रार्थना डोळ्यांपुढे उभी राहते. तरुणपणी मी एका घरी मयताच्या प्रार्थनेत असाच आवाज काढला होता, तेव्हा नंतर एका वृद्ध फादरांनी मला बाजूला घेऊन इतकेच सांगितले होते की देवाला आपली अवस्था ठाऊक आहे, ती करून दाखवण्याची गरज नाही. ‘दीनपणे’ शब्दाला माझा विरोध आहे तो त्या दिवसापासूनचा. जाता जाता एक नोंद करावीशी वाटते: आपल्याकडे ‘पोर गरीब आहे’ असे म्हणतात तेव्हा त्याच्या घरच्या पैशांविषयी काही म्हणायचे नसते, ते मूल शांत आणि निगर्वी आहे असे सांगायचे असते. आत्म्याने दीन म्हणजे काय, हे मुलांना समजावताना हा वापर फार कामाला येतो.

आता ‘लीन’. मराठी माणूस ‘लीन’ म्हणजे ‘अतिशय नम्र’ असे समजतो, जणू नम्रतेची ती वरची पायरी असावी. व्युत्पत्ती पाहिली तर गोष्ट निराळी आहे. हा शब्द ‘ली’ धातूचा आहे, आणि त्या धातूचे अर्थ चिकटणे, बिलगणे, टेकून राहणे, दडून राहणे, विरून जाणे असे आहेत. ‘लय’, ‘विलीन’, ‘तल्लीन’ हे सगळे त्याचेच. म्हणजे ‘लीन’ शब्दाच्या पोटात वाकणे मुळीच नाही, जवळ असणे आहे. वाकण्याचा अर्थ मागाहून आला, कारण जो बिलगतो तो ताठ राहू शकत नाही. विभक्तीसुद्धा हेच सांगते. आपण माणसांशी नम्र असतो, पण ‘चरणी लीन’ होतो. ‘चरणी’ ही सप्तमी आहे, आणि सप्तमी ठिकाण दाखवते.

या धातूचा अर्थ मला पुस्तकाच्या आधी किनाऱ्यावर भेटला असे म्हणावे लागेल. मोठ्या ओहोटीला समुद्र मागे हटला की काळे खडक उघडे पडतात, आणि बायका डोक्याला फडके बांधून शिंपल्यांतली कालवे काढायला उतरतात. लहान असताना मी आईबरोबर जात असे. कालव हाताने ओढून निघत नाही. लोखंडी हत्याराच्या टोकाने वरची शिंपी फोडावी लागते, आतले मांस काढून भांड्यात टाकावे लागते, आणि इतके करूनही खालची शिंपी खडकावरच राहते, पांढरी, खडकाचाच भाग झाल्यासारखी. ज्या लाटांनी होड्या उलटतात त्या लाटा रोज दोन वेळा अंगावर घेऊन ते जिवंत राहते ते स्वतःच्या बळावर नाही, तर खडकाला धरून असल्यामुळे. ‘लीन’ म्हणजे हे. कालव खडकात विरघळत नाही, खडक होत नाही. ते कालवच राहते, पण खडकापासून वेगळे काढता येत नाही.

‘लीन’ नको म्हणणाऱ्यांच्या शंकेचे उत्तरही यातच आहे. त्यांना भीती वाटते ती, जीव देवात मिसळून नाहीसा होतो या कल्पनेची, कारण ख्रिस्ती श्रद्धेत देव देवच राहतो आणि माणूस त्याचे लेकरू. पण नाहीसे होण्याचा अर्थ मराठीत ‘विलीन’ या शब्दाकडे गेला आहे. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यानंतर संस्थान म्हणून ते उरले नाही. ‘लीन’ झालेला मात्र उरतो, आणि उरतो म्हणूनच प्रार्थना करू शकतो.

हिब्रू पवित्र शास्त्रात ‘दाबक’ नावाचे क्रियापद आहे. त्याचाही अर्थ चिकटणे, धरून राहणे असाच आहे. पुरुष आपल्या बायकोशी जडून राहील, असे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे, तिथे हेच क्रियापद आहे. ६३व्या स्तोत्रात भक्ताचा जीव देवाला बिलगतो, तिथेही हेच आहे. आणि ११९व्या स्तोत्राच्या २५व्या वचनात ‘माझा जीव धुळीला चिकटला आहे’ अशा अर्थाचे उद्गार आहेत, तिथेही तेच. धुळीला चिकटलेला जीव आणि देवाला चिकटलेला जीव, दोन्हींसाठी एकच शब्द. मराठीत या दोन्ही टोकांना स्पर्श करणारा एकच शब्द मला माहीत आहे, आणि तो ‘लीन’ आहे.

ग्रीक नव्या करारात नम्रतेसाठी येणारा शब्द ‘तापेइनोस’ आहे. तो सखल जमिनीसाठीही वापरत असत. उत्तर कोकणात समुद्राकाठच्या सखल पट्टीला ‘खलाटी’ म्हणतात, तशी जमीन मनात आणावी. लॅटिन ‘ह्युमिलिस’ शब्दातही ‘ह्युमुस’ म्हणजे माती आहे. मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःला मनाचा सौम्य व लीन म्हणतो, तिथे आणि याकोबाच्या पत्रात ४:६ मध्ये प्रचलित मराठी भाषांतराने याच ग्रीक शब्दासाठी ‘लीन’ योजला आहे. याकोबाचा हा अध्याय उघडून तीन वचनांचा क्रम अवश्य पाहावा. सहाव्या वचनात देव लीनांवर कृपा करतो असे आहे, दहाव्यात प्रभूसमोर नम्र होण्याची आज्ञा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये, आठव्या वचनात, देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल, हे वचन आहे. जवळीक नम्रतेच्या दोन काठांमध्ये वाहते आहे. भाषांतरकारांनी व्युत्पत्ती पाहून शब्द निवडला की कानाला योग्य वाटला म्हणून, हा वेगळा प्रश्न आहे. निवड अचूक झाली हे खरे.

शब्द भक्तिपंथातला आहे म्हणून टाकावा, हे तर आपल्या किनाऱ्याच्या इतिहासालाच धरून नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने, ख्रिस्ताची कथा ओवी छंदात मराठीत लिहिली, ती १६१६ मध्ये राचोल येथे छापली गेली, आणि तिच्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला तो कचरला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या वाणीचा वारसा बरोबर घेऊनच ख्रिस्ताकडे आले. शब्द कोणाच्या अंगणातून आला हे पाहण्यापेक्षा तो कोणापुढे ठेवला आहे हे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आता आजींचे शब्द. ‘प्रार्थना’ हा ‘प्र’ आणि ‘अर्थ्’ यांपासून झाला आहे, आणि अर्थ् म्हणजे इच्छिणे, मागणे. ‘विद्यार्थी’ म्हणजे विद्या मागणारा. तेव्हा ‘प्रार्थना’ शब्दाचे सरळ मराठी भाषांतर ‘मागणे’ असेच होईल, आणि मालवणीत त्याचेच ‘मागणा’ होते. गोव्यातले कोकणी ख्रिस्ती लोकही प्रार्थनेला ‘मागणें’ म्हणतात. ‘विनंती’ शब्दात ‘नति’ म्हणजे वाकणे आहे असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. ‘विनवणे’ आणि ‘विनंती’ हे ‘ज्ञा’ धातूच्या ‘विज्ञापना’, ‘विज्ञप्ति’ या शब्दांतून, प्राकृताच्या वाटेने आले. विनंती करणे म्हणजे मुळात कळवणे.

‘गाऱ्हाणे’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. घाटावर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. व्युत्पत्तीही तीच सांगते, कारण तो ‘गर्हणा’ म्हणजे दोष देणे या शब्दावरून आला. कोकणात मात्र गावचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतात. आपल्याकडे खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादीन ही सामुदायिक प्रार्थना होते, तेव्हा एक जण संतांची नावे घेतो आणि बाकीचे ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतात. देव निराळा, श्रद्धा निराळी, पण एकाने बोलायचे आणि सर्वांनी त्यावर आपला होकार ठेवायचा, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे. आजींनी तो शब्द उचलला यात नवल नाही. शिवाय स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे ही खरीखुरी गाऱ्हाणीच आहेत: प्रभो, किती काळ, तू मुख का लपवतोस, असे विचारणारी. मनातला सल गिळून टाकून गोड बोलणे म्हणजे लीनता नव्हे. बिलगलेले लेकरूच आईजवळ तक्रार करते. दूर उभा असलेला परका माणूस करीत नाही.

एक दाखला देऊन प्रश्नाकडे परत येतो. लूकच्या त्याच १८व्या अध्यायात दोन माणसे मंदिरात जातात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, उभा राहून देवाचे आभार मानतो, आपल्या उपासांची आणि दशांशांची नोंद सांगतो, आणि त्याच्या सगळ्या बोलण्यात देवाकडे मागितलेली एकही गोष्ट नाही. जकातदार दूर उभा राहतो, डोळे वर करीत नाही, ऊर बडवून दया मागतो. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर त्या दिवशी मंदिरात ‘प्रार्थना’ एकानेच केली. आणि जो दूर उभा होता तोच देवाशी जवळीक घेऊन घरी गेला.

तेव्हा ‘लीनपणे’ हे क्रियाविशेषण घालण्यापेक्षा क्रियापदच वापरावे, म्हणजे शब्दातले बिलगणे ऐकू येईल. ‘हे प्रभू, तुझ्या चरणी लीन होऊन आम्ही मागतो’ असे लिहावे. ‘मागतो’ हे कोणाला साधे वाटले तर ‘विनवतो’ चालेल. घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र आजी ‘मागणा करूक बसा’ म्हणतील तेव्हा तो शब्द कोणी सुधारू नये, आणि शक्य असेल तर नातवंडांनाही तो तसाच म्हणू द्यावा.