नेटवरून उतरवलेली अमेरिकन बजेटची एक्सेल शीट आपल्या घरखर्चाला कशी बसवायची?

तुम्ही लिहिलंय, की दोघे नोकरी करता, वाकडला भाड्याने राहता, मुलगी दुसरीत आहे आणि गावी आईवडिलांना पैसे पाठवता. डॉलरच्या जागी रुपया केला, आकडे भरले, शीट दर महिन्याला नऊ हजार शिल्लक दाखवते आणि तरी जूनमध्ये आणि दिवाळीत खात्यात खडखडाट असतो. चूक कुठे होते, असा तुमचा प्रश्न आहे.

चूक बेरजेत नाही. ती शीट जिथे तयार झाली, तिथल्या घराचे खर्च बहुतेक महिन्याच्या महिन्याला येतात: घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, शैक्षणिक कर्जाचा हप्ता. आपल्याकडचे मोठे खर्च वर्षातून एकदा-दोनदा, ढिगाने येतात. त्यामुळे नुसती ओळींची नावं बदलून भागत नाही, शीटला आणखी एक पान जोडावं लागतं. मी डोंबिवलीत राहते आणि गेली आठ वर्षं अशीच एक शीट वापरते, त्या अनुभवावरून सांगते.

आधी नावांचं उरकून घेऊ. 'गॅस' ही ओळ प्रवासाच्या गटात आहे ना? ते पेट्रोल आहे, तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात. तुम्ही तिथे सिलिंडर भरला असेल तर प्रवासखर्च फुगलेला आणि स्वयंपाकाचा कमी दिसेल. 'हीटिंग', 'ट्रॅश' या ओळी सरळ काढून टाका. 'पेचेक १' आणि 'पेचेक २' म्हणजे दर दोन आठवड्यांनी मिळणारा पगार. तिथे तुमचे दोघांचे पगार लिहा, पण सीटीसी (कंपनीने कागदावर दाखवलेला वर्षाचा एकूण पगार) नको, खात्यात जमा होतो तो आकडा हवा. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो, ती किरकोळ बाब आहे. मात्र जुन्या कररचनेत असाल आणि गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नसतील, तर शेवटच्या दोन-तीन महिन्यांत टीडीएस, म्हणजे पगारातून कापला जाणारा आयकर, चांगलाच वाढतो. म्हणून पगाराच्या ओळीत बाराही महिने एकच आकडा ओढू नका.

आता मूळ मुद्दा. २०१८च्या जूनमध्ये मुलाच्या फीचा पहिला हप्ता, वह्या-पुस्तकं-गणवेश आणि टर्म विम्याचा हप्ता असे तिन्ही एकाच पंधरवड्यात आले. मेमध्ये गावी जाऊन आलो होतो, एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरून झाले होते. शीटमध्ये सगळं हिरवं दिसत होतं आणि मला एफडी मोडावी लागली. त्या रात्री मी वर्षभराचं पासबुक घेऊन बसले आणि दरमहा न येणारा प्रत्येक खर्च वेगळ्या पानावर उतरवला. फी ७२,०००, दोन हप्त्यांत. शाळेचं सामान ११,०००. सोसायटीचा मेंटेनन्स तिमाही ७,५००. दोन्ही विमे मिळून ४०,०००. वर्षाचं धान्य आणि साठवणीचा मसाला २२,०००. दिवाळी २८,०००. गावाकडची फेरी ३०,०००. मग घरपट्टी, गौरी-गणपती, स्कूटरचा विमा, लग्नकार्यांचे आहेर. आजच्या भावाने ही बेरीज २,६८,००० होते. बाराने भागली की महिन्याला २२,३३३. मी २२,५०० धरते आणि पगार झाला की दुसऱ्याच दिवशी ते वेगळ्या बचत खात्यात टाकते. महिन्याच्या मूळ पानावर या सगळ्यासाठी मी एकच ओळ ठेवते, 'वर्षखर्चाचा वाटा', आणि ती भाड्याच्या लगेच खाली.

ही ओळ टाकल्यावर तुमचे नऊ हजार बहुधा उणे होतील. घाबरू नका. ते उणे आधीपासूनच होते, फक्त जूनमध्ये कळत होते.

इथे आणखी एक पायरी आहे आणि ती बरेच जण गाळतात. बाराने भागलेली रक्कम पहिल्या वर्षी पुरत नाही, कारण खर्च समान अंतराने येत नाहीत. प्रत्येक खर्चापुढे तो कोणत्या महिन्यात येतो ते लिहा आणि एप्रिलपासून महिनावार चालती शिल्लक काढा. माझी अशी निघाली: एप्रिलमध्ये २२,५०० जमा, मेंटेनन्स ७,५०० आणि निम्मं धान्य ११,००० गेलं, उरले ४,०००. मेमध्ये उरलेलं धान्य आणि गावाकडची फेरी, म्हणजे ४१,००० गेले, शिल्लक उणे १४,५००. जूनमध्ये फी आणि शाळेचं सामान ४७,०००, म्हणजे जूनअखेर उणे ३९,०००. (विम्याचा हप्ता मी तोवर पुढच्या महिन्यांत सरकवून घेतला होता.) वर्षातला सगळ्यात खोल खड्डा हाच. म्हणजे खातं सुरू करतानाच त्यात ३९,००० हवेत, मग वर्षभर तोंडमिळवणी होते. मी त्या वर्षीचा बोनस तिथे ओतला. तुमचा खड्डा कदाचित ऑक्टोबरमध्ये असेल, तो काढून पाहा.

दुसरी गोष्ट माणसांच्या खर्चाची. आईवडिलांना पाठवता ते पैसे तुम्ही 'गिफ्ट्स'मध्ये टाकले आहेत. कृपा करून तिथून काढा. महिनाअखेरीला काटछाट करताना आपली नजर सर्वांत आधी त्या गटावर जाते. त्यांची ओळ भाड्याच्या शेजारी हवी, 'आईबाबा' अशा नावाने. गावाकडच्या औषधांचा आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचाही अंदाज तिथेच धरा. घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार वर्षाला बारा नव्हे, तेरा महिन्यांचा धरा, दिवाळीचा तेरावा वर्षखर्चाच्या पानात. आहेरासाठी माझ्या सासूबाईंची वही आहे, कुणाकडून काय आलं आणि आपण काय दिलं याची. वर्षाच्या सुरुवातीला ती उघडली, घरातल्या लग्नसराईचा अंदाज घेतला की आकडा बराच बरोबर येतो.

रोजच्या खर्चाची प्रत्येक नोंद करण्याच्या फंदात पडू नका. यूपीआयमुळे महिन्याला शंभरावर व्यवहार होतात, दहा रुपयांच्या कोथिंबिरीपासून रिक्षापर्यंत. मी त्यासाठी एक स्वतंत्र खातं ठेवलंय. त्यात १ तारखेला १२,००० जातात, भाजी, रिक्षा, चहा सगळं त्यातूनच. शीटमध्ये ओळ एकच. फक्त दुधाचा रतीब वेगळा, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. रोजचं दूध दीड लिटर, तेवढंच घेतलं त्या दिवशी काहीच लिहायचं नाही. दूध घेतलं नाही तर तारखेवर फुली, जास्त घेतलं तर कोपऱ्यात 'अधिक १'. गेल्या महिन्यात दोन फुल्या आणि पाहुण्यांच्या दिवशीचा एक लिटर: २८ दिवसांचे ४२ आणि १ असे ४३ लिटर, साठच्या भावाने २,५८०. महिनाअखेरीला एकच आकडा शीटमध्ये जातो. दूधवाल्या दादांशी हिशेबावरून कधी वाद होत नाही.

५०-३०-२०चा (५० टक्के गरजा, ३० टक्के हौस, २० टक्के बचत) तो गोल तक्ता मी काढून टाकला. भाडं, फी, आईबाबा आणि वर्षखर्चाचा वाटा धरल्यावर आमच्याकडे गरजाच ६५ टक्क्यांवर जातात आणि तक्ता दर महिन्याला लाल होऊन बसतो. शिवाय मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ हातात येण्याआधीच कापला जातो, तीही बचतच, पण तक्त्याला ती दिसत नाही. मी पीएफची एक वेगळी ओळ माहितीपुरती ठेवते.

एक तांत्रिक गोष्ट मात्र आजच तपासा. शीट अमेरिकन सेटिंगवर असेल तर तिथे महिना आधी आणि तारीख नंतर असते. तुम्ही ५ जूनसाठी ५/६ टाकलं, की ती ६ मे समजते. १३/६ टाकलं तर तेरावा महिना नसल्याने ती तारीख न राहता साधा मजकूर होते, आणि महिनावार बेरजेतून तो खर्च गळतो. ओळखायची खूण अशी, की खरी तारीख चौकटीत उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो. गूगल शीट्समध्ये फाइल, मग सेटिंग्ज, तिथे लोकेल 'इंडिया' करा. विंडोजवर एक्सेल असेल तर कंट्रोल पॅनेलच्या 'रिजन'मध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडा, लाखाचे स्वल्पविरामही बरोबर पडतील. जुन्या नोंदी मात्र आपोआप सुधारत नाहीत, त्या हाताने पुन्हा टाकाव्या लागतात. तुमचा जूनचा बराच खर्च भलत्याच महिन्यांत बसलेला किंवा बेरजेतून गळलेला निघेल, अशी मला दाट शंका आहे.